बघायचे पैसे

गॅरेजच्या बिलावर प्लग असतो, कॉइल असते, ऑइल असतं. हात पुसायच्या कापडाचेसुद्धा कधीकधी वीस रुपये लावलेले असतात. ‘बिघाड शोधला’ अशी ओळ मात्र मी आजवर एकाही बिलावर पाहिलेली नाही. माझं म्हणणं असं की ती ओळ बिलावर असावी, सगळ्यात वर असावी, तिच्यापुढे आकडा असावा आणि तो आपण कुरकुर न करता द्यावा. आपण तो देत नाही, म्हणूनच न बिघडलेल्या वस्तूंचे पैसे भरत राहतो.

साहित्य मंडळाच्या अंकात गॅरेज कुठून आलं, असं कुणी विचारेलच. आमच्या वर्गात मी हा विषय काढला तेव्हा एकीने विचारलंच. पण बिघाड शोधणं हे निम्मं वर्णनाचं काम आहे. काय झालं, कधी झालं, कशानंतर झालं, आणि काय झालं नाही, हे नीट सांगता येणं. ते आपल्या खात्यातलं नाही तर कुणाच्या?

सगळ्या बिघाडांत मी एकच घेते: जुनी पेट्रोल गाडी, सेल्फ घेते, इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. टायर पंक्चर झाला की दिसतो. ब्रेक लागत नसेल तर पायाला कळतं. इथे काहीच दिसत नाही. सगळे भाग जागच्या जागी असतात आणि प्रत्येकावर संशय घेता येतो. अंदाजाने सामान बदलायला याहून मोकळं रान नाही.

मुळात ‘गाडी चालू होईना’ या एका वाक्यात आपण निदान पाच वेगळ्या तक्रारी कोंबतो. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’ आणि पुढे शांत, ही एक. सेल्फ घेते पण कण्हत, जड जड, ही दुसरी. सेल्फ नेहमीच्या जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, ही तिसरी. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुसाट फिरतो, ही चौथी. आणि पेट घेते, दोन सेकंद चालते, मरते, ही पाचवी. पहिल्या दोन्हींत बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थची वायर किंवा सेल्फ स्वतः बघायचा. चौथीत टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्यायचा, कारण व्हॉल्व्ह हलेनासे झाले की हवा दाबली जात नाही आणि इंजिनाचा विरोधच संपतो. पाचवीत बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडत असतं. आपली तक्रार तिसरी. फोनवर मेकॅनिकला ‘चालू होईना’ एवढंच सांगितलं, तर या पाचांतलं काय ते त्याला कळायला मार्ग नाही. तो येतो ते मनात काहीतरी ठरवूनच.

थोडं विषयांतर करते, कारण हे शब्द मला फार आवडतात. पूर्वी गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावं लागे. ते उलटा झटका देई आणि माणसांचे हात मोडत. १९१२च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याचा विजेवर चालणारा ‘सेल्फ स्टार्टर’ आला. त्यातला स्टार्टर आपल्या गॅरेजांनी टाकून दिला आणि ‘सेल्फ’ तेवढा ठेवला. करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला आपल्याकडे ‘डेल्को’ म्हणतात. ती त्याच केटरिंगच्या कंपनीची, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीची, आद्याक्षरं. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला ‘एसी पंप’ म्हणतात. त्यातला एसी म्हणजे गार हवा नव्हे, तर आल्बर्ट चॅम्पियन, फ्रान्समधून अमेरिकेत गेलेला एक सायकलपटू, ज्याने पुढे प्लगचा कारखाना काढला. बेळगावच्या गॅरेजात हे शब्द मराठीतून, कन्नडमधून, हिंदीतून सारख्याच सहजतेने जातात. ‘करंट इल्ला’ म्हटलं की मराठी माणसालाही कळतं. या भाषेत भागांना नावं भरपूर आहेत. लक्षणांना मात्र कमी आहेत. आपण ‘कॉइल गेली’, ‘कार्बोरेटर खराब’ असं पटकन बोलतो, म्हणजे लक्षणाच्या जागी थेट आरोपीचं नाव घेतो.

आता कामाचं. कार्बोरेटरच्या पेट्रोल इंजिनाला सुरू व्हायला फार गोष्टी लागत नाहीत. हवेत मिसळलेलं पेट्रोल, ते दाबायला कॉम्प्रेशन, आणि नेमक्या क्षणी ठिणगी. तिन्ही असतील तर इंजिनाला सुरू व्हावंच लागतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की या तिघांतलं काय हजर नाही. ते शोधायला सुरुवात कुठून करायची हे भागाच्या किमतीवर ठरवायचं नसतं, आणि गॅरेजच्या कपाटात काय शिल्लक आहे त्यावर तर नाहीच. जे बघायला सगळ्यात सोपं आणि ज्याच्या उत्तराने सगळ्यात जास्त संशयित सुटतात, ते आधी.

त्या हिशेबाने प्लगसारखा साक्षीदार नाही. पाच-सहा सेकंद सेल्फ मारा, मग एक प्लग काढून बघा. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल आतपर्यंत पोचलंय पण पेटत नाही. तुम्ही करंटच्या बाजूला जा. टाकी, पाइप, पंप सगळे सुटले. ठणठणीत कोरडा असेल तर उलट. चोक खूप वेळ ओढून ठेवल्यानेही प्लग ओले होतात, तेव्हा घाई करू नये. चोक बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की जादा पेट्रोल निघून जातं आणि पुष्कळदा गाडी तिथेच सुरू होते. एका पान्याची आणि पाच मिनिटांची ही तपासणी. हिला सामान लागत नाही, म्हणून हिचं बिलही होत नाही.

करंट बघायचा तर काढलेला प्लग पुन्हा त्याच्या वायरीत बसवून, त्याचं लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ठेवायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको, आणि प्लग उघड्या हाताने धरायचा नाही, कारण कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. ठिणगी निळी आणि कडक हवी, आवाज येईल अशी. पिवळट, मरतुकडी आली तर पॉइंट जळलेत का, कंडेन्सर गेलाय का, कॉइल दमलीय का, असं मागे मागे जायचं. काहीच नाही आली तर कॉइलला मुळात वीज येते का, इथून सुरुवात. आमच्या खानापूरच्या बाजूच्या पावसाळ्यात डेल्कोच्या टोपणात आतून दमट बसतं आणि करंट भलत्याच वाटेने पळतो. टोपण उघडून कोरड्या फडक्याने पुसलं की झालं. टोपण उघडलंच आहे तर सेल्फ मारून आतला रोटर फिरतो का तेही बघून घ्यावं. आमच्या गाडीसारख्या इंजिनात डेल्को कॅमशाफ्टवर चालतो, आणि कॅमशाफ्ट टायमिंग बेल्टवर. रोटर स्तब्ध असेल तर बेल्ट गेला.

पेट्रोलसाठी एअर फिल्टर काढून, इंजिन बंद असताना, कार्बोरेटरच्या तोंडात बघत अॅक्सिलरेटरची तार हलवायची. आत बारीक पिचकारी उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. नाही उडाली तर मागे जायचं: फिल्टर, पाइप, एसी पंप, टाकी. टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ करून हवा आत गेली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पंप बिचारा पोकळीशी झगडत होता. तो नवा बसवला तरी तसाच झगडेल. कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतून बघायची पद्धत सर्रास आहे, पण इंजिन कधी उलटं भडकतं, आणि आमच्या गाडीत तर इंजिन सीटखाली असतं. ते मी कुणाला सुचवणार नाही.

कॉम्प्रेशन शेवटी, कारण त्याला गेज लागतो. गेज कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर संशय व्हॉल्व्हवर. एक चमचा ऑइलने एवढं सांगावं, हे मला अजून नवलाचं वाटतं.

एवढं सगळं कळायला मला कुणी शिकवायला बसलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरची १९९४ची मारुती ओमनी रुसली. पप्पा छोटं केटरिंग करतात. बाप्तिस्मा, साखरपुडा, घरची जेवणं. शंभरच्या आतली ऑर्डर असेल तर सगळी पातेली त्या ओमनीतच जातात. ती गाडी आमच्याकडे हौसेसाठी नाही. तिच्यावर चूल चालते असं म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे.

जूनमध्ये सुरू झालं. सकाळी सेल्फ घ्यायची, चांगला दणदणीत, पण पेट घ्यायची नाही. धक्का मारला की पहिल्याच धक्क्याला सुरू. जवळच्या गॅरेजवाल्याने लगेच सांगितलं, धक्क्याने होते म्हणजे बॅटरी. नवी बॅटरी, ३,९०० रुपये. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग प्लग आणि त्यांच्या वायरी, १,२५०. मग कॉइल, ११००. जुलैत दुसरं गॅरेज. त्यांनी कार्बोरेटर उतरवला, किट टाकलं, साफ केला, मजुरी धरून २,२०० घेतले. आठवडाभर ठीक. मग पुन्हा. मग एसी पंप, १,४५०. आणि एका रविवारी ऐंशी माणसांचं जेवण गाडीत भरलेलं असताना ती दारात बसली. पाऊस असा होता की धक्का मारायला चार माणसं मिळेनात. टेम्पो बोलवावा लागला, त्याचे १,५००. बेरीज मीच केली: ११,४००. माझ्या एम.ए.च्या फीचा पुढचा हप्ता जवळपास तेवढाच होता.

दुसऱ्या गॅरेजात मी सोबत गेले होते. मी त्यांना सांगितलं की चावी सोडताना इंजिन एक उचकी देतं. सेल्फ चालू असताना काही नाही, पण हात सोडला की त्या क्षणी एक ‘भुक्’. ते माझ्याकडे न बघता पप्पांना म्हणाले, “कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.” मुलीने गाडीबद्दल काही सांगितलं की उत्तर बापाला जातं, हा आणखी एक वेगळा लेख होईल. इथे मुद्दा एवढाच की सगळ्या बिघाडाची किल्ली त्या उचकीत होती आणि ती ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

ऑगस्टमध्ये पप्पांच्या ओळखीच्या एका मामांना बोलावलं. आयुष्यभर सरकारी बसच्या डेपोत फिटर होते, आता निवृत्त. आले, गाडीला हात लावला नाही, पायरीवर बसले आणि विचारू लागले.

“धक्क्याला होते?”

“होते. पहिल्याच,” पप्पा म्हणाले.

“दरवेळी?”

“दरवेळी.”

“मग कार्बोरेटर कशाला काढलात की? धक्क्याला तोच कार्बोरेटर, तोच पंप, तीच कॉइल. ते वाईट असते तर धक्क्याला पण झाली नसती.”

पप्पा गप्प झाले. मी उचकीचं सांगितलं. मामांनी मान हलवली आणि खिशातून एक बल्ब काढला, दोन वायरी जोडलेला, एकीला चिमटा. चिमटा बॉडीला लावला, दुसरं टोक कॉइलच्या प्लसला टेकवलं आणि मला म्हणाले, चावी फिरव. बल्ब लागला. “आता सेल्फ मार.” सेल्फ फिरला आणि बल्ब विझला. “सोड.” पुन्हा लागला. तीनदा केलं, तीनदा तसंच.

चावीच्या स्विचमध्ये इंजिन चालू ठेवायची जागा आणि सेल्फची जागा वेगळी असते. सेल्फ मारत असतानाही कॉइलला वीज मिळत राहिली पाहिजे. आमच्या स्विचचा तो एक कॉन्टॅक्ट झिजला होता. म्हणजे आम्ही सेल्फ मारत होतो तेव्हाच ठिणगी बंद होत होती. हात सोडल्यावर इंजिन अर्धा-एक फेरा आपल्या वेगाने जातं, त्यात वीज परत येते, म्हणून ती उचकी. धक्का मारताना चावी चालूच्या जागी असते, म्हणून धक्क्याला सुरू. झिजलेला कॉन्टॅक्ट कधी लागायचा, कधी नाही. म्हणून प्रत्येक नवा भाग ‘दोन दिवस ठीक’ चालायचा.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बदललेल्या भागाने गाडी सुरू झाली की बिघाड त्याच भागात होता, असं आपण धरून चालतो. पण येऊन-जाऊन असलेला बिघाड कुठल्याही उपायाला दोन दिवस यश देतो. तिसऱ्या दिवशी उपाय खोटा ठरतो, पण तोपर्यंत बिल भरलेलं असतं, आणि पुढच्या माणसाला आपण सांगतो, ‘कॉइल नवीनच आहे.’ एक चुकीचं उत्तर पुढच्या तपासाची सुरुवात होऊन बसतं. बॅटरीच्या पहिल्या अंदाजाला मी नावं ठेवणार नाही. सेल्फ मारताना बॅटरी फार खाली बसली तरी ठिणगी अशीच मरते आणि धक्क्याला गाडी होते. तो संशय रास्तच होता. पण मीटर लावून बघता आलं असतं. आणि नव्या बॅटरीनंतर तिसऱ्या दिवशी तेच झालं, तेव्हा तरी थांबायला हवं होतं.

स्विच ३८० रुपयांना मिळाला. मामांनी तो बसवून दिला. पप्पांनी किती द्यायचे विचारलं तर ते म्हणाले, “माझं काय लागलं त्यात? दहा मिनिटं.” पप्पांनी जबरदस्तीने दोनशे खिशात घातले आणि मामा गेल्यावर आईला म्हणाले, दहा मिनिटांचं काम होतं.

माझं या दोघांशीही जमलं नाही. दहा मिनिटं नव्हती ती. त्यात डेपोतली सगळी वर्षं होती. ११,४०० रुपयांच्या सामानाला जे जमलं नाही ते त्या दहा मिनिटांनी केलं, आणि करणारा स्वतःच म्हणतो, माझं काय लागलं. आम्ही बॅटरीवाल्याशी घासाघीस केली नाही, कारण बॅटरी हातात धरता येते, जड असते, तिच्यावर कागद असतो. विचार हातात धरता येत नाही.

गॅरेजवाल्यांची बाजू मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. माझ्या मावशीच्या घराखालीच एक गॅरेज आहे, तिथल्या दादांशी मी यावर बरंच बोलले. ते म्हणाले, “अर्धा दिवस घालून बिघाड शोधला आणि एक वायर निघालेली सापडली, तर गिऱ्हाईक पन्नास रुपये देतं आणि वर म्हणतं, वायरच तर लावली. तेच एक कॉइल बदलली तर कॉइलवर सुटतात तेवढे तरी मिळतात. तुम्हीच सांगा मी काय करू?” यावर काय बोलणार? त्यांचं भाडं, पोरांचा पगार, सगळं सामानावरच्या कमिशनमधून निघतं. म्हणजे आपणच अशी व्यवस्था केली आहे की खोलात जाणाऱ्याचं नुकसान आणि अंदाज मारणाऱ्याचा फायदा. त्यात हाताखालची पोरं शिकतात तीही तशीच. त्यांना पान्याने खोलता येतं, बसवता येतं. ‘का’ विचारायची सवय त्यांना कुणी लावलेली नसते, कारण ‘का’ला दर नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीनशॉप रांगेने उभी असलेल्या या गावात चांगल्या हातांची टंचाई नक्कीच नाही.

मग मी सुचवते ते असं. गाडी दाखवतानाच विचारायचं, ‘बघायचे किती?’ तीनशे म्हणा, चारशे म्हणा, गावाप्रमाणे. काही बदललं नाही तरी ते द्यायचे. त्याबदल्यात मेकॅनिकने सांगायचं की तिघांतलं काय हजर नव्हतं आणि ते त्याला कशावरून कळलं. ‘कॉइल गेली’ नव्हे, ‘कॉइलला वीज येते पण ठिणगी येत नाही, दुसरी कॉइल लावून बघितली तर आली’ असं. कन्फेसरीत फादर आधी ऐकतात, प्रायश्चित्त नंतर सांगतात. उलटं कुणी केलं तर आपण उठून येऊ.

यावर आक्षेप येतात. मैत्रिणीचा भाऊ म्हणाला, मग ते बघायचेही पैसे घेतील आणि सामानही बदलतील. घेतीलही काही जण. पण कारण बोलून दाखवायची अट घातली की थापा मारणं अवघड होतं; ‘कशावरून?’ या प्रश्नाला अंदाजाकडे उत्तर नसतं. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: ज्याच्याकडे पैसेच कमी, त्याने तीनशे रुपये नुसते बघायला कुठून आणायचे? माझं उत्तर एवढंच की कमी पैसेवाल्यालाच अंदाज परवडत नाही. ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत तो एक उभी करून चार भाग बदलून बघू शकतो. पप्पा बघू शकत नव्हते, तरी त्यांना बघावं लागलं.

नव्या गाड्यांना हे लागू नाही, स्कॅनर लावला की सगळं कळतं, असंही ऐकलं. नाही कळत. स्कॅनर सांगतो की क्रँक सेन्सरकडून सिग्नल येत नाही. सेन्सर मेला, त्याची वायर उंदराने कुरतडली, की प्लगचा पिना गंजल्या, ते तो सांगत नाही. ते मीटर घेऊन माणसालाच बघावं लागतं. कोड वाचून सेन्सर बदलणं म्हणजे आमच्या कार्बोरेटरचीच गोष्ट, फक्त महाग.

आणि सध्या एक नवीन उत्तर तयार मिळतं: इथेनॉल. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं, म्हणून जुन्या गाड्यांचं काहीही झालं तरी बोट तिकडे. इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं, आणि त्यासाठी न बनवलेले जुने रबरी पाइप, पंपातला पडदा त्याने खराब होऊ शकतात, हेही खरं. पण मग पाइप वाकवून बघा, चिरलाय का. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा, तळाला पाणी बसतं का. दोन्ही बघितल्याशिवाय इथेनॉलला दोष देणं आणि बॅटरीला देणं, यात मला फरक दिसत नाही. आमच्या चावीच्या स्विचलाही जुलैत एकाने इथेनॉलच लावलं होतं.

आमच्या ओमनीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आता एक वही आहे. त्यात मी तारीख, पाऊस होता की नाही, इंजिन गार की गरम, सेल्फचा आवाज, धक्क्याला काय झालं, आणि कधी काय बदललं, एवढं लिहिते. पप्पा आधी हसले, आता ऑर्डरीहून आल्यावर स्वतःच लिहितात, अर्थात त्यांच्या अक्षरात. मामांकडचा तो बल्ब मी बनवून घेतला, तोही कप्प्यात आहे.

मंडळाला माझी एक विनंती आहे. गाडीच्या लक्षणांसाठी आपल्या बोलींत जे शब्द आहेत ते जमवूया. भागांची नावं नकोत, ती इंग्रजीच आहेत. लक्षणं हवीत. आतापर्यंत माझ्याकडे ‘उचकी देते’, ‘कण्हते’, ‘गुचके खाते’, ‘दम टाकते’, ‘पेट घेते पण धरत नाही’ एवढे आलेत. चंदगडकडच्या, कारवारकडच्या मुलांकडे नक्की अजून असतील. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर किंवा डिझेल जीप आहे त्यांनी तर जरूर पाठवावेत. डिझेलला ठिणगी नसते, त्यामुळे त्याची लक्षणं वेगळी, पाइपात हवा शिरली की सुरूच होत नाही, आणि ‘हवा धरली’ हा शब्द मला तिथूनच मिळाला. शब्दासोबत तो आवाज नेमका कधी येतो तेही लिहा. सेल्फ मारताना, की सोडल्यावर.